पेन्सिलीच्या खुणा आणि माझा खोडरबर

एका दुपारी, जेवणाची सुट्टी धरून दोन-अडीच तास बसून, मी पन्नासेक माणसांच्या हातांच्या शिरा खोडरबराने पुसून टाकल्या. नातींना हे सांगितलं की त्या एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं, आजीचं डोकं फिरलं. फिरलेलंच होतं, पण आता नाही, तेव्हा.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि इन्चार्ज सिस्टर होऊन मला पंधरा दिवस झाले होते. आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातलं एक लहान सरकारी रुग्णालय. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याची यात काही चूक नव्हती. घर फुलचूरला, मालक आणि मुलं तिकडे, आणि मी इकडे क्वार्टरमध्ये एकटी. त्यामुळे रुबाब करायला मला भरपूर वेळ होता.

बढतीचा कागद हातात पडल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं, तर चष्म्याला साखळी लावली. नंबर म्हणावा असा नव्हताच. पण साखळीचा चष्मा छातीवर लोंबत असला की बाई इन्चार्ज दिसते अशी माझी समजूत होती. एरवी माझ्यात इन्चार्ज दिसण्यासारखं काही नव्हतं. उंची बेताची, आवाज किनरा, आणि हात हे असे गरम. लहानपणी आई मला ताकावरचं लोणी काढू द्यायची नाही, वितळून जातं म्हणून. नर्सिंगच्या शाळेत आमच्या ट्यूटरबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हिच्या हातात थर्मामीटर देऊ नका गं, धडधाकट माणसाला ताप दाखवेल." तेव्हापासून मी हात पदराआड ठेवायला शिकले होते.

दुसरं काम केलं ते ड्युटीचा तक्ता.

आता तुम्हाला आधीची परिस्थिती सांगायला हवी. कागदावर आमच्या सगळ्या सिस्टरांचं काम एकच होतं. प्रत्यक्षात प्रत्येकीने ते आपल्या मापाने शिवून घेतलं होतं, ब्लाउज शिवून घ्यावा तसं. इथे थोडं आत, तिथे थोडं सैल. माझ्या आधीच्या इन्चार्जबाईंनी ते चालू दिलं होतं. मला वाटायचं, त्या ढिल्या होत्या.

एक सिस्टर होती, तिला माणसांशी बोलायला नको वाटायचं. पेशंटच्या नातेवाइकांनी चार प्रश्न विचारले की तिला घाम फुटायचा. पण अवजारं उकळणं, ट्रे लावणं, बाळंतपणाच्या कापडी गाठोड्या बांधणं, यात तिचा जीव रमायचा. ते कंटाळवाणं काम तिने सगळ्यांकडून मागून घेतलं होतं. साध्या बाळंतपणाच्या गाठोडीला एक गाठ, टाके पडणार असतील तर दोन. दिवे गेले तरी बोटांना कळावं. तुम्ही कामात असताना मागे न बघता हात पसरायचा, हवी ती वस्तू हातात येऊन पडायची. ती वस्तू कोणी दिली हेही कळायचं नाही.

दुसरी अगदी उलट. तिची बडबड बाजार भरल्यासारखी. तिने सुट्टी होऊन घरी जाणाऱ्या पेशंटांना गोळ्या समजावून देण्याचं काम धरलं होतं, आणि ते ती पेशंटला नाही, त्यांच्या सासवांना समजवायची. "हे पाहा मावशी, गाईले चारा टाकला का ही लाल गोळी. दूध काढून झालं का ही पांढरी. सांगा बरं आता मले." सासू बरोबर सांगेपर्यंत सोडायची नाही. घड्याळातली वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या चुलीत जायच्या, पण गाईचा चारा कोण विसरतं?

आणि तिसरी ती पेन्सिलवाली. तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

ती जंगलातल्या एका गोंड घरातली. गोंडी बोलायची, आमची झाडीबोली बोलायची, डॉक्टरांशी हिंदी बोलायची, आणि माझ्याशी शक्यतो काहीच नाही. तिने सिकलसेलचे पेशंट धरले होते. आमच्या भागात सिकलसेल काय हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मग हाडं आतून फुटतील असं दुखतं. थंड पाण्यात उभं राहिलं, पाणी कमी प्यायलं, दगदग झाली, की दुखणं उसळतं. लगेच सलाईन आणि औषध शिरेतून द्यावं लागतं. आणि यांच्या शिरा लहानपणापासून सुया खाऊन खाऊन दगड झालेल्या, नाही तर खोल पळालेल्या. या सिस्टरच्या धाकट्या भावाला हे दुखणं होतं. 'होतं' असंच लिहावं लागतं.

तिला कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या पत्रकात लिहिलं नव्हतं. तिने सिकलसेलच्या कार्डांची पत्र्याची पेटी आपल्या ताब्यात घेतली आणि दर पेशंटच्या कार्डावर, रिकाम्या जागेत, पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. पेशंट घरी जाताना ती त्याच्याशेजारी खाटेवर बसून विचारायची: कुठं टोचलेलं कमी दुखलं, कुठं जास्त, काय केलेलं बरं वाटलं. मग खूण. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की सरकारी कार्डावर कोणीतरी हाताचे पंजे काढलेत, त्यावर ठिपके दिलेत, फुल्या मारल्यात. एका कार्डावर तर मासा होता.

माझा तक्ता असा होता की दर आठवड्याला सगळ्यांनी सगळीकडे फिरायचं. समान काम, समान न्याय. मी तो तीन रंगांत काढला आणि भिंतीला लावला. अबोल सिस्टर नातेवाइकांच्या खिडकीवर गेली, बोलकी अवजारांच्या खोलीत, आणि पेन्सिलवाली बाळंतपणाच्या खोलीत. तक्त्यासमोर उभी राहून ती फक्त एवढंच म्हणाली, "पेटीजवळ कोन राहीन?"

"पेटी कुठे पळून जाते का, सिस्टर?" मी म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्याच आठवड्यात वरच्या साहेबांची भेट ठरली. मी सगळं झाडून-पुसून घेतलं आणि शेवटी पेटी उघडली. कार्डांवरची ती चित्रं बघून मला लाजच वाटली. साहेब काय म्हणतील, आमच्या सिस्टरा ड्युटीवर चित्रं काढतात? मी नवा खोडरबर घेतला. सिस्टरने पेन्सिल चांगली दाबून चालवली होती, त्यामुळे मेहनत पडली. मासा तर निघता निघेना. टेबलावर खोडरबराचा चुरा जमला तो मी फुंकून उडवला, कार्डं गावांच्या नावाने ओळीत लावली, आणि माझीच पाठ थोपटली. तिला विचारावंसं वाटलं नाही. इन्चार्ज विचारत नसतो, सांगत असतो, असं त्या काळी माझं मत होतं.

साहेब आले. चहा प्याले. खिडकीची जाळी तुटलीय ती बसवून घ्या म्हणाले. पेटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती मुलगी आली.

दहावीत होती. आमच्या इकडच्या प्रतापगडच्या बाजूच्या एका गावातली. धानाच्या रोवणीचे दिवस, मजूर मिळेनात म्हणून तीही घरच्यांबरोबर शेताच्या बांधीत उतरली आणि सकाळपासून गुडघाभर चिखलपाण्यात उभी राहून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत होती. दुपारी पाय आणि कंबर धरली. बापाने तिला मोटरसायकलवर मागे बसवून, ओढणीने स्वतःच्या पाठीशी बांधून आणलं होतं. ओठ पांढरे, जीभ कोरडी, आणि आवाज नाही. ओरडणाऱ्या पेशंटची मला कधी भीती वाटली नाही. ही दात आवळून छताकडे बघत होती.

मी म्हणाले, मी स्वतः लावते.

डाव्या कोपरात टोचली. शीर दिसत होती, पण सुई लागताच बाजूला सरकली. मनगटावर टोचली, तिथे फुगलं. उजव्या हाताला दोनदा. चौथ्या वेळी पोरीने हात ओढून छातीशी घेतला.

"पेन्सिलवाली बाई कुठी आहे?" बापाने विचारलं.

"त्या बाळंतपणाला आहेत."

"मंग बोलवा ना तिले."

"बाळंतपण सोडून कसं येता येईल, दादा?"

"तर मी नेतो हिले." तो ओढणी उचलायला लागला. "ह्या टोचून टोचून मारून टाकून राहिल्या पोरीले."

पोरगी पहिल्यांदा बोलली. "बाबा, घरी चाल. मी आता दवाखान्यात नाई येत. कधीच नाई येत."

डॉक्टर गोंदिया शहरातले, वयाने लहान. त्यांनी दोन्ही हात वळवून बघितले आणि मान हलवली. "मॅडम, मेरे से नहीं होगा. उन्हीं को पूछो." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, घरी गेली आणि दुखणं छातीत उतरलं तर वाचवता येणार नाही. ते मलाही ठाऊक होतं. बापाला सांगितलं तेव्हा तो थांबला, पण ओढणी हातातच धरून.

मी आमच्या वॉर्डातल्या मावशींना बाळंतपणाच्या खोलीकडे पळवलं. तिथे आत जायची सोय नव्हती, पण दाराबाहेरून विचारता येणार होतं.

मावशी परत आल्या. "सिस्टर म्हनते, कार्डावर पाहा. सारं लिहून आहे."

कार्ड माझ्या हातातच होतं. स्वच्छ.

"मावशी, त्यांना सांगा," मी म्हणाले, "कार्डावर काही नाही."

"काऊन नाई? तिनं तं माझ्यासमोर लिहिलं होतं. मी सोता पाहिलं."

"होतं. मी खोडलं."

मावशींनी माझ्याकडे, चष्म्याच्या साखळीपासून पायातल्या चपलांपर्यंत, एकदा पाहून घेतलं. "कायले?" त्या म्हणाल्या. त्या पुन्हा गेल्या. यायला वेळ लागला.

"काय म्हणाल्या?"

"तिकडे डोस्कं दिसून राहिलं लेकराचं. ती म्हनते, इतलं झालं का येतो. अन् म्हनते, तवरीक कोनी सुई लावजा नका."

म्हणजे मला आता काहीच करायचं नव्हतं. इन्चार्ज होऊन महिना झाला नव्हता आणि वॉर्डात मी एकटीच अशी होते जिला काम नव्हतं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून त्या पोरीजवळ बसले. तिचे हात बर्फ झाले होते. पावसाने भिजलेली फ्रॉकची बाही तशीच होती. मावशींनी चादर आणली, बोलक्या सिस्टरने चमच्याने गरम पाणी पाजलं, अबोल सिस्टरने न बोलता नवा ट्रे माझ्या कोपराशी आणून ठेवला. मी पोरीचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. औषध म्हणून नाही. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पलीकडून बाळ रडल्याचा आवाज आला, बाप दाराकडे बघायला लागला, आणि सिस्टर हात पुसत आली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पोरीशी गोंडीत काहीतरी बोलली. पोरगी मानेनेच हो म्हणाली. मग सिस्टरने माझ्या हातांतून तिचा हात सोडवून घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवलं आणि थांबली.

"शीर वर आली आहे," ती म्हणाली. "कोनं शेकलं?"

मी माझे हात पदराआड घेतले. तिने तिरकी, जवळजवळ आडवी सुई घातली, आणि पहिल्याच वेळी मागे रक्त दिसलं. पट्टी लावून सलाईन सुरू केली, आणि आली तशी बाळंतिणीकडे परत गेली. बापाने ओढणी घडी करून खाटेच्या दांडीवर ठेवली.

संध्याकाळी सिस्टर माझ्या टेबलाशी आली, तोवर मी भिंतीवरचा तीन रंगांचा तक्ता काढून ठेवला होता. मला वाटलं, ती रागावेल. मी वाक्यंही जुळवून ठेवली होती. तिने पेटी उघडली, कार्डं एकेक करून उलटली, सगळी. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "मासोळी पन खोडली?"

"हो."

"त्याची शीर मासोळीवानी निसटते. दोन बोटांत धरून मंगच टोचा लागते. त्याले माझ्याशिवाय कोनी हात लावत नाई." पेटी मिटत ती म्हणाली, "उद्या मी नाई राहिली, तं दुसरीले समजलं पाहिजे, म्हनून लिहिलं होतं."

मला वाटलं होतं की तिने ते काम आपल्याकडे ओढून घेतलंय. ती तर ते सगळ्यांना देत होती.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी एक पेन्सिल टोक करून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, सांगा, मी लिहिते. तिला पन्नासांतले तीसेक हात तोंडपाठ होते. ती डोळे मिटून हवेत बोट फिरवायची, जणू समोर कोणाचा तरी हात आहे, आणि सांगायची: याच्या डाव्याला हात लावायचा नाही, हिला आधी पाणी पाजायचं, याच्याशी बैलांचं बोलत राहायचं म्हणजे तो सुईकडे बघत नाही. बाकीचे हात आठवले नाहीत. ते पेशंट आले तसतसे पुन्हा नव्याने शोधावे लागले, आणि त्यातल्या प्रत्येक जास्तीच्या टोचणीची मालक मी होते. कोणी मला तसं म्हणालं नाही. मावशी सोडून. त्या दर वेळी म्हणायच्या, "घ्या, हा बी खोडलेल्यातलाच."

तक्ता मी पुन्हा केला, पण भिंतीला लावला नाही. आधी प्रत्येकीजवळ जाऊन बसले आणि विचारलं, तुम्ही काय करता ते मला दाखवा. करायला काय हवं ते मला पाठ होतं. त्या काय करत होत्या ते मला ठाऊकच नव्हतं. अबोल सिस्टरने मला गाठी दाखवल्या. बोलकीने मला सासू करून समोर बसवलं आणि मी दोनदा चुकले. तक्त्यात त्यांच्या जागा त्यांना परत दिल्या, आणि एकमेकींचं थोडं थोडं शिकायला आठवड्यातला एक दिवस ठेवला. पेन्सिलवालीकडे शिकायला पहिलं नाव मी माझं लिहिलं. सहा महिने तिच्या हाताखाली इन्चार्ज शिकत होती. ती कौतुक करायची नाही. चुकलं की चक् असा आवाज काढायची.

मला मात्र एकच घोर लागला होता. ती दहावीची पोरगी. चार दिवसांनी बरी होऊन गेली तेव्हा जाताना सिस्टर तिच्या खाटेवर बसून विचारपूस करत होती, आणि मी दाराशी घुटमळत होते. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. दवाखान्यात कधीच नाही येत, हे ती माझ्या सुयांमुळे म्हणाली होती. आणि हे दुखणं असलेलं माणूस दवाखान्यात यायला घाबरलं तर पुढे काय होतं, ते सिस्टरच्या घरी, तिच्या भावाच्या बाबतीत, होऊन गेलं होतं. पावसाळा संपला, धान कापून झालं. तिच्या गावाकडचं कोणी आलं की मी विचारायचे, ती मुलगी कशी आहे? लोक म्हणायचे, आहे, शाळेत जाते. गोळ्या न्यायला बाप यायचा. ती यायची नाही.

थंडी पडली. एका सकाळी बसमधून उतरून बाप-लेक चालत आत आले. मोटरसायकल नाही, ओढणी बांधलेली नाही. पोरीच्या अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि ती स्वतःच्या पायाने चालत होती. पहाटे गुडघ्यात कळ सुरू झाली तेव्हाच तिने बापाला उठवलं होतं. दुखणं वाढायच्या आधी आली होती.

मी पेटीतून कार्ड काढलं. अंगठ्याचं मूळ, तिरकी सुई, आधी शेक. सगळं माझ्याच अक्षरात. सहा महिने शिकले होते, त्या आठवड्यात दोन अवघड हात मला जमले होते, आणि सिस्टर शेजारीच उभी होती. म्हटलं, आता भरपाई करायची वेळ आली. मी ट्रे घेतला, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बेटा, आज मी लावते हं. आता येतं मला."

पोरीने सिस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात मागे घेतला नाही. उलट स्वेटरच्या बाह्यांमधून दोन्ही हात काढून माझ्या मांडीवर ठेवले, आणि म्हणाली:

"सुई तिले लावू द्या, बाई. तुमी मांगच्यावानी हात धरून बसा. तुमच्या हातात हात असला का मले चुलीपाशी बसल्यावानी वाटते."